डाग तेल्याचाच का? जिवाणू ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत होणाऱ्या चाचण्या

डाळिंबाच्या पानावर तेलकट डाग दिसला की बागेत दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, ‘तेल्या आला का?’ आणि दुसरा, ‘काय मारू?’ गंमत अशी, की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळते. कृषी सेवा केंद्रातून एक बुरशीनाशक, एक जिवाणूनाशक आणि सोबत एखादे टॉनिक घेऊन शेतकरी घरी येतो, तिन्ही एकाच टाकीत मिसळतो आणि फवारतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी शोधतच नाही. डाग सर्कोस्पोरा बुरशीचा असेल, तर जिवाणूनाशकाचे पैसे वाया जातात. डाग तेल्याचा असेल, तर कार्बेन्डाझिमसारख्या फक्त बुरशीवर चालणाऱ्या औषधाने जिवाणूला काहीच होत नाही आणि तेवढ्या आठ-दहा दिवसांत पावसाच्या शिंतोड्यांबरोबर रोग बागभर पसरतो.

म्हणून नमुना प्रयोगशाळेत द्यावा, असे आम्ही सांगतो. पण अहवाल हातात आला की त्यावरचे ‘ग्रॅम-निगेटिव्ह, कॅटॅलेज पॉझिटिव्ह, ऑक्सिडेज निगेटिव्ह’ हे शब्द पाहून शेतकरीच काय, पुष्कळदा गावात काम करणारा कृषी सहायकही कागद घडी करून खिशात ठेवतो. या लेखात त्या शब्दांमागे प्रयोगशाळेत नेमके काय घडते, कोणत्या चाचणीवर किती विश्वास ठेवावा आणि कोणत्या चाचणीने काय कळत नाही, हे डाळिंबातील तेल्या रोगाच्या उदाहरणाने पाहू.

डोळ्यांना काय दिसते, काय दिसत नाही

तेल्या, म्हणजेच तेलकट डाग रोग, झँथोमोनास गटातील जिवाणूमुळे होतो. भारतात याची पहिली नोंद १९५२ मध्ये दिल्लीत झाली. पुढे महाराष्ट्रातील डाळिंब पट्ट्यात या रोगाने किती बागा उपटायला लावल्या, हे सोलापूर, सांगली, नाशिककडील शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको.

सुरुवातीला पानावर टाचणीच्या डोक्याएवढा, पाण्याने भिजल्यासारखा डाग दिसतो. पान उजेडाकडे धरले की डाग तेल लागल्यासारखा पारदर्शक वाटतो. पुढे तो तपकिरी-काळा होतो आणि भोवती पिवळसर वलय येते. फळावर डाग मोठे होऊन साल तडकते आणि इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारख्या भेगा पडतात. अशी भेग असलेले फळ समोर असेल, तर अनुभवी माणूस नव्वद टक्के ठामपणे तेल्या सांगेल, आणि ते बरोबरच असेल.

अडचण सुरुवातीच्या डागांत आहे. त्या अवस्थेत तेल्या, सर्कोस्पोराचे ठिपके आणि कोलेटोट्रिकमचा करपा यांत भल्याभल्यांची गफलत होते. नेमक्या याच वेळी निर्णय घ्यायचा असतो. भेगा पडलेल्या फळावर निदान करून उपयोग काय?

आणखी एक फसगत ताम्रयुक्त औषधांमुळे होते. बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड बुरशी आणि जिवाणू दोघांनाही काही प्रमाणात रोखते. त्यामुळे ‘कॉपर मारले, डाग थांबले, म्हणजे तेल्या होता’ किंवा ‘म्हणजे बुरशी होती’, ही दोन्ही अनुमाने चुकीची आहेत. औषधाच्या परिणामावरून रोग ओळखता येत नाही.

पहिली चाचणी: जिवाणूंचा प्रवाह

प्रयोगशाळेत नमुना आला की सर्वांत आधी होणारी चाचणी अगदी साधी असते. डागाच्या कडेचा, म्हणजे अर्धा रोगट आणि अर्धा निरोगी असा बारीक तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रोग जिवाणूजन्य असेल, तर कापलेल्या कडेतून धुरासारखा, ढगाळ प्रवाह पाण्यात येताना दिसतो. हा लक्षावधी जिवाणूंचा लोंढा असतो. डाग बुरशीचा असेल, तर असा प्रवाह येत नाही. त्याऐवजी बुरशीचे धागे किंवा बीजाणू सापडण्याची शक्यता असते. पाच मिनिटांत होणाऱ्या या चाचणीने ‘बुरशी की जिवाणू’ या मोठ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा मिळते.

याच चाचणीचा एक प्रकार तुम्ही बांधावर करू शकता, पण तो पानावरच्या डागांसाठी नाही, मर रोगासाठी आहे. टोमॅटो, वांगी किंवा मिरचीचे झाड हिरवेगार असतानाच कोमेजले, तर जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा धारदार चाकूने कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या आणि तुकड्याचे खालचे टोक पाण्यात बुडेल असा तो धरा किंवा दोऱ्याने टांगा. पेला हलवू नका. राल्स्टोनिया सोलॅनॅसिअरम या जिवाणूमुळे मर आली असेल, तर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ, बारीक दोरे खाली उतरताना दिसतात. फ्युजारियम बुरशीच्या मरीत पाणी स्वच्छ राहते. कोकणात वांग्यावर जिवाणूजन्य मर नेहमीची आहे. तिथे ही पेल्याची चाचणी केल्याशिवाय बुरशीनाशकाची आळवणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आळवणीचा खर्च मोठा आणि जिवाणूवर परिणाम शून्य.

जिवाणू वेगळा काढणे

प्रवाह दिसला, म्हणजे जिवाणू आहेत हे कळले. कोणते, हे अजून कळलेले नाही. त्यासाठी तो जिवाणू पानातून काढून एकटा वाढवावा लागतो.

डागाच्या कडेचा तुकडा सोडियम हायपोक्लोराईटच्या सौम्य द्रावणात थोडा वेळ बुडवून वरची घाण मारतात, निर्जंतुक पाण्याने दोन-तीनदा धुतात, पाण्याच्या थेंबात चिरडतात आणि ते पाणी अगारच्या पोषक माध्यमावर रेघोट्या ओढत पसरवतात. रेघोट्या ओढत जाण्यामागे हेतू असा, की शेवटच्या रेघेपर्यंत जिवाणू विरळ होत जावेत आणि एकेका जिवाणूपासून स्वतंत्र वसाहत तयार व्हावी. प्लेट साधारण २८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात.

येथे थांबावे लागते. पानावर नुसते राहणारे निरुपद्रवी जिवाणू एका दिवसातच प्लेट भरून टाकतात. झँथोमोनास मात्र सावकाश वाढतो. त्याच्या पिवळ्या, गोल, फुगीर, श्लेष्मल वसाहती दिसायला दोन-तीन दिवस लागतात. सुईने स्पर्श केला तर त्या मधासारख्या ओढल्या जातात. हा चिकटपणा झँथन नावाच्या गोंदाचा. हाच गोंद कारखान्यात तयार करून सॉस आणि आइस्क्रीम दाट करण्यासाठी वापरतात. पानात मात्र तो जिवाणूला उन्हापासून आणि कोरडेपणापासून वाचवतो.

पिवळी वसाहत दिसली की काम झाले, असे शिकाऊ विद्यार्थ्यांना वाटते. तसे नसते. पँटोइया नावाचा एक जिवाणू निरोगी पानांवरही राहतो आणि त्याच्याही वसाहती पिवळ्याच असतात. तोही ग्रॅम-निगेटिव्ह, तोही कॅटॅलेज पॉझिटिव्ह, तोही ऑक्सिडेज निगेटिव्ह. जुन्या, कुजलेल्या डागांतून नमुना घेतला की प्लेटवर बऱ्याचदा हाच आधी येतो. पुढच्या चाचण्या एकट्यादुकट्या न करता संचाने का कराव्या लागतात, याचे उत्तर या पँटोइयात आहे.

ग्रॅम अभिरंजन: जांभळा की गुलाबी

झँथोमोनास साधारण अर्धा मायक्रॉन रुंद आणि एक ते दोन मायक्रॉन लांब असतो. एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन. त्यातून तो जवळजवळ पारदर्शक. त्यामुळे रंग दिल्याशिवाय त्याचा आकार नीट दिसत नाही. रंग देण्याची जी पद्धत आज जगभर वापरतात, ती हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने बर्लिनमध्ये काम करताना शोधली आणि १८८४ मध्ये प्रसिद्ध केली. न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसातील जिवाणू नीट दिसावेत, एवढाच त्याचा उद्देश होता. काही जिवाणूंचा रंग अल्कोहोलने निघून जातो, हे त्याला आढळले. आज याच फरकावर अर्धे जिवाणूशास्त्र उभे आहे.

काचपट्टीवर पाण्याचा लहान थेंब घेऊन त्यात वसाहतीचा अगदी कणभर भाग पसरवतात. हवेवर वाळू देतात आणि ज्योतीवरून दोन-तीनदा झटकन फिरवतात, म्हणजे जिवाणू काचेला घट्ट बसतात. त्यावर क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग एक मिनिट, मग पाण्याने धुऊन आयोडीनचे द्रावण एक मिनिट. आयोडीन जांभळ्या रंगाशी जोडले जाऊन त्याचे मोठे कण पेशीच्या आत बनतात. या क्षणी सगळेच जिवाणू जांभळे असतात. त्यानंतर पट्टी तिरकी धरून अल्कोहोल सोडतात, फक्त दहा ते वीस सेकंद, आणि लगेच पाण्याने धुतात. शेवटी सॅफ्रॅनिन हा गुलाबी-लाल रंग अर्धा ते एक मिनिट. ही शेवटची पायरी मूळ पद्धतीत नव्हती. रंग गेलेले जिवाणूही दिसावेत म्हणून ती नंतर जोडली गेली.

सगळा निकाल अल्कोहोलच्या त्या काही सेकंदांत लागतो. काही जिवाणूंची पेशीभित्ती जाड असते, अनेक थरांच्या गोधडीसारखी. अल्कोहोलने ती आक्रसते आणि आत अडकलेला जांभळा रंग बाहेर पडू शकत नाही. हे ग्रॅम-पॉझिटिव्ह. दुसऱ्यांची भित्ती पातळ, मलमलीसारखी, आणि वर स्निग्ध पदार्थांचे एक आवरण असते. अल्कोहोल ते आवरण विरघळवते, रंग वाहून जातो आणि मग सॅफ्रॅनिनचा गुलाबी रंग चढतो. हे ग्रॅम-निगेटिव्ह, ज्यांना काही पुस्तकांत ग्रॅम-ऋण म्हटले आहे. तेल्याचा जिवाणू तेलात टाकलेल्या १०० पट भिंगाखाली, म्हणजे एकूण हजारपट मोठा करून पाहिला, तर गुलाबी रंगाच्या बारीक दांड्या दिसतात.

ही चाचणी वाटते तितकी सोपी नाही. अल्कोहोल जास्त वेळ राहिले तर जांभळा जिवाणूही गुलाबी होतो, कमी राहिले तर गुलाबीचा जांभळा दिसतो. लेप जाड झाला तर एकाच पट्टीवर दोन्ही रंग दिसतात. वाढ चार-पाच दिवसांची जुनी असेल, तर ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंची भित्ती कमजोर होऊन तेही गुलाबी येतात. शिकत असताना मी स्वतः एकदा शिळ्या प्लेटवरून लेप केला, त्यावर अल्कोहोलही हात सैल सोडून ओतले आणि चांगला जांभळा बॅसिलस गुलाबी ठरवून चार दिवस चुकीच्या वाटेने गेलो. तेव्हापासून ताजी, १८ ते २४ तासांची वाढ आणि त्याच पट्टीवर एका टोकाला माहीतगार ग्रॅम-पॉझिटिव्ह, दुसऱ्या टोकाला माहीतगार ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू, हा नियम पाळतो. हे दोन साक्षीदार बरोबर आले, तरच मधल्या नमुन्याचा निकाल खरा.

रंग न देता तपासण्याची एक पद्धत वनस्पती रोगशास्त्रात फार आवडती आहे. काचपट्टीवर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा एक थेंब घेतात, त्यात वसाहतीचा भाग काडीने पाच-दहा सेकंद घोटतात आणि काडी हळूच वर उचलतात. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूची पेशी या द्रावणात फुटते, आतील डीएनए बाहेर येतो आणि काडीबरोबर शेंबडासारखी तार ओढली जाते. ग्रॅम-पॉझिटिव्हमध्ये थेंब पाण्यासारखाच राहतो. कृषी विज्ञान केंद्राच्या छोट्या प्रयोगशाळेतही हे करता येते. द्रावण दाहक आहे, हातमोजे घालावेत. झँथोमोनासच्या बाबतीत एक काळजी घ्यावी. त्याची वसाहत गोंदामुळे आधीच चिकट असते, म्हणून शेजारी साध्या पाण्याच्या थेंबातही घोटून पाहावे. पाण्यात तार येत नाही आणि द्रावणात येते, तर निकाल पक्का.

आता या निकालाचा शेतकऱ्याला उपयोग किती? माणसांच्या वैद्यकात ग्रॅमच्या निकालावर डॉक्टर प्रतिजैविकाची निवड करतात. शेतीत तसे नाही. झँथोमोनास, स्यूडोमोनास, राल्स्टोनिया, पेक्टोबॅक्टेरियम, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम, म्हणजे पिकांवर रोग आणणारे बहुतेक जिवाणू ग्रॅम-निगेटिव्हच आहेत. टोमॅटोचा कँकर आणणारा क्लॅव्हिबॅक्टर किंवा बटाट्याच्या खवल्याचा स्ट्रेप्टोमायसिस हे अपवाद. तेव्हा ‘ग्रॅम-निगेटिव्ह’ एवढेच लिहिलेल्या अहवालावर तेल्या ठरवणे म्हणजे ‘आधार कार्ड आहे’ एवढ्यावर माणूस ओळखणे. या चाचणीचा खरा उपयोग उलट्या दिशेने होतो: जांभळा निघाला, तर तो तेल्या नव्हे, हे नक्की.

जैवरासायनिक चाचण्या: जिवाणू काय खातो, काय सोडतो

दिसायला सारखे असलेले जिवाणू वागण्यात वेगळे असतात. कोणाकडे कोणते विकर आहे, कोण कोणती साखर पचवतो, हवेशिवाय कोणाचे चालते, हे तपासणे म्हणजे जैवरासायनिक चाचण्या.

कॅटॅलेज चाचणीत वसाहतीवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईडचा थेंब टाकतात. लगेच फेस आला तर पॉझिटिव्ह. जखमेवर हे औषध टाकल्यावर फेस येतो, त्यामागचे कारणही हेच, कारण रक्तातही कॅटॅलेज असते. झँथोमोनासमध्ये फेस येतो. पण राल्स्टोनिया आणि पँटोइया यांच्यातही येतो, म्हणून एकट्या या चाचणीला फार वजन नाही.

ऑक्सिडेज चाचणी अधिक कामाची. गाळण कागदावर रसायनाचे थेंब टाकून त्यावर वसाहत घासतात. सुमारे दहा सेकंदांत गडद जांभळा रंग आला तर पॉझिटिव्ह. राल्स्टोनिया येथे पॉझिटिव्ह, झँथोमोनास निगेटिव्ह किंवा फार तर उशिरा, फिकट. उशिरा आलेला रंग मोजायचा नाही. वसाहत लाकडी काडीने उचलायची, कारण निक्रोमच्या तारेने खोटा जांभळा रंग येऊ शकतो. अशा छोट्या गोष्टी अहवालात लिहिलेल्या नसतात, पण अहवाल खरा-खोटा त्यांच्यावरच ठरतो.

स्टार्चची चाचणी तुम्ही घरी समजून घेऊ शकता. भाताच्या पेजेत टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा रंग येतो. प्रयोगशाळेत स्टार्च मिसळलेल्या माध्यमावर जिवाणू काही दिवस वाढवतात आणि मग वर आयोडीन ओततात. सगळी प्लेट निळी होते, पण जिवाणूने स्टार्च पचवला असेल तर त्याच्या वसाहतीभोवती स्वच्छ, बिनरंगी वर्तुळ राहते. तेल्याचा जिवाणू असे वर्तुळ देतो, राल्स्टोनिया देत नाही.

आता पँटोइयाचा प्रश्न. तो सोडवणारी चाचणी ह्यू आणि लायफसन या दोघांनी १९५३ मध्ये मांडली. ग्लुकोज आणि रंगबदल दाखवणारे द्रव्य असलेल्या हिरव्या माध्यमाच्या दोन नळ्या घेतात. दोन्हींत जिवाणू टोचतात. एका नळीवर निर्जंतुक पातळ पॅराफिनचा थर ओततात, म्हणजे आत हवा जात नाही. दुसरी उघडी. साखरेपासून आम्ल तयार झाले की हिरवा रंग पिवळा होतो. पँटोइया हवेशिवायही साखर आंबवतो, त्यामुळे दोन्ही नळ्या पिवळ्या होतात. झँथोमोनासला हवा लागतेच. त्याची फक्त उघडी नळी पिवळी होते, तीही सावकाश. दोन पिवळ्या वसाहतींमधला संशय येथे संपतो. अहवालात या चाचणीचा निकाल ‘ऑक्सिडेटिव्ह’ किंवा ‘फर्मेंटेटिव्ह’ असा लिहितात. तेल्याच्या अहवालात ‘फर्मेंटेटिव्ह’ दिसले, तर प्रयोगशाळेला जरूर विचारा.

याशिवाय जिलेटिन पातळ करणे, नायट्रेटचे रूपांतर, इंडोल, युरिएज अशा आणखी चाचण्या असतात. झँथोमोनास नायट्रेट, इंडोल आणि युरिएजला निगेटिव्ह असतो.

काही जिवाणूंसाठी खास माध्यमे आहेत. राल्स्टोनियासाठी टेट्राझोलियम मिसळलेले माध्यम वापरतात. केलमन यांनी ते १९५४ मध्ये वर्णन केले. त्यावर रोग आणणाऱ्या राल्स्टोनियाच्या वसाहती वेड्यावाकड्या, पातळसर, पांढऱ्या आणि मध्ये गुलाबी दिसतात. रोग आणण्याची ताकद गमावलेल्या वसाहती लहान, गोल आणि गडद लाल असतात. स्यूडोमोनासच्या अनेक प्रजाती किंग बी या माध्यमावर अतिनील दिव्याखाली हिरव्या-निळ्या चमकतात. जैविक बुरशीनाशक म्हणून तुम्ही वापरता तो स्यूडोमोनास फ्लुरोसन्स याच चमकण्यावरून ओळखला जातो.

या चाचण्या कुठे थांबतात

समजा सर्व निकाल जुळले. गुलाबी दांड्या, पिवळ्या चिकट वसाहती, कॅटॅलेज पॉझिटिव्ह, ऑक्सिडेज निगेटिव्ह, स्टार्चचे वर्तुळ, ऑक्सिडेटिव्ह. म्हणजे तेल्या सिद्ध झाला का?

नाही. सिद्ध झाले ते एवढेच, की हा झँथोमोनास आहे. लिंबाचा खैऱ्या, कपाशीचा कोनीय करपा आणि डाळिंबाचा तेल्या आणणारे जिवाणू एकाच गटातले, अगदी जवळचे नातलग आहेत. काचपट्टीवर आणि नळीत ते जवळजवळ सारखेच वागतात. त्यांच्यातला मुख्य फरक एकच, कोण कोणत्या पिकावर रोग आणतो. तो नळीला विचारून कळत नाही, झाडालाच विचारावा लागतो.

म्हणून शेवटी रोगकारकतेची चाचणी करतात. आधी जिवाणूचे पाण्यातील द्रावण बिनसुईच्या पिचकारीने तंबाखूच्या पानात भरतात. पिकावर रोग आणणारा जिवाणू असेल, तर भरलेला भाग एक-दोन दिवसांत कोसळून वाळतो. निरुपद्रवी जिवाणूने काही होत नाही. मग निरोगी डाळिंबाच्या रोपावर तोच जिवाणू फवारून किंवा टोचून रोपावर ओलावा टिकवण्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी घालतात. एक-दोन आठवड्यांत तेच तेलकट डाग आले आणि त्या डागांतून पुन्हा तोच जिवाणू मिळाला, तर साखळी पूर्ण झाली. रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ओळखले जाणारे हे नियम सव्वाशेहून अधिक वर्षे जुने आहेत, तरी त्यांना पर्याय नाही.

यात वेळ जातो, हे खरे. वसाहतींसाठी चार-पाच दिवस, जैवरासायनिक चाचण्यांसाठी आठवडाभर, रोपावरच्या चाचणीसाठी दोन आठवडे. बहार धरलेल्या शेतकऱ्याला एवढे थांबणे परवडत नाही. डीएनएवर आधारित पीसीआर चाचणी एक-दोन दिवसांत उत्तर देते आणि थेट तेल्याचाच जिवाणू आहे का, हे सांगते. जिथे ती उपलब्ध आहे तिथे ती मागावी. सोलापूर येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. कृषी विद्यापीठांच्या वनस्पती रोगशास्त्र विभागांतही विचारणा करता येते.

थांबण्याच्या काळात हात बांधून बसू नये. पहिल्या दिवसाच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत जिवाणूंचा प्रवाह दिसला का, हे फोन करून विचारा. दिसला असेल तर पूर्ण अहवालाची वाट न पाहता रोगट पाने-फळे काढून बागेबाहेर नष्ट करा, प्रत्येक झाडानंतर छाटणीची कात्री सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात बुडवा, ओल्या बागेत काम टाळा आणि ताम्रयुक्त औषधाची लेबलवरील शिफारशीप्रमाणे फवारणी घ्या. प्रतिजैविक वापरण्यापूर्वी त्याला त्या पिकासाठी सध्या परवानगी आहे का, हे तपासा. निर्यातीचा माल असेल तर हे दुप्पट महत्त्वाचे.

नमुना चुकला तर चाचणी चुकते

प्रयोगशाळेतून ‘जिवाणूंची वाढ आढळली नाही’ असा अहवाल आला, की शेतकरी सुटकेचा श्वास टाकतो. थोडे थांबा. नमुना घेण्याच्या दोन-चार दिवस आधी कॉपर किंवा जिवाणूनाशक फवारले होते का? फवारले असेल, तर प्लेटवर वाढ न येणे स्वाभाविक आहे. पानाच्या आत, खोडाच्या खाचेत जिवाणू जिवंत असू शकतो. म्हणून नमुना नेहमी फवारणीच्या आधी घ्यावा. राहून गेले असेल, तर फवारणीनंतर आलेल्या नव्या डागांचा घ्यावा आणि चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहावे.

डाग ताजे, लहान, पाणीदार असावेत. वाळलेले, भोक पडलेले पान किंवा कुजून काळे झालेले फळ आणू नये, त्यात फक्त नंतर आलेले पाहुणे सापडतात. चार-पाच झाडांवरून दहा-पंधरा पाने, जमल्यास एक-दोन फळे घ्या. पाने धुऊ नका, ओली ठेवू नका. कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून कागदी पिशवीत ठेवा. बंद प्लॅस्टिक पिशवीत घाम सुटून पाने एका रात्रीत सडतात. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चालेल, बर्फाच्या कप्प्यात नको. शक्यतो त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोहोचवा. मर रोगाचा नमुना असेल तर नुकतेच कोमेजू लागलेले झाड मुळांसकट आणा, पूर्ण वाळलेले नको.

सोबतच्या चिठ्ठीवर पिकाचा वाण, बहार, लागवडीचे वर्ष, डाग प्रथम कधी दिसले, त्याआधी पाऊस झाला होता का, गेल्या पंधरा दिवसांत काय काय आणि कोणत्या तारखेला फवारले, शेजारच्या बागेत तेल्या आहे का, हे लिहा. टाकीत मिसळलेल्या टॉनिकचे नावही लिहा. संकोच करू नका, तपासणाऱ्याला ते कळले तर त्याचे चार दिवस वाचतात, आणि तुमचेही.